आठ अंडी, एक टपाल तिकीट आणि ११४२ मिनिटं

चौदा वर्षांचा दिनो झॉफ इंटर मिलान आणि युव्हेंटस या इटलीतल्या दोन बड्या क्लबांच्या निवड चाचणीला गेला आणि दोन्हीकडून हात हलवत परत आला. कारण एकच : उंची कमी. इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउली नावाचा मुलूख आहे. तिथल्या मारियानो गावातलं हे शेतकऱ्याचं पोर. तालमीत जाणाऱ्या नातवाच्या खुराकाची काळजी आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं घेतात, तशी त्याची आजी आदेलैदे पुढे सरसावली. रोज आठ अंडी! पुढच्या पाच वर्षांत पोरगं ३३ सेंटिमीटर वाढलं. अंड्यांचा वाटा किती आणि वयाचा किती, याचा हिशेब कुणी मांडला नाही, पण झॉफनं पुढे जगभर ही गोष्ट सांगितली ती आजीच्या नावानंच.

हाताला काहीतरी धंदा हवा म्हणून तो गाड्या दुरुस्त करायलाही शिकला होता. मेकॅनिक व्हायची पुरेपूर तयारी होती. झाला जगातला एक थोर गोलकीपर, आणि नंतर प्रशिक्षक. मला या माणसाची कारकीर्द इतर कुठल्याही गोलकीपरपेक्षा जास्त आवडते. तिच्यात विक्रम तर आहेतच, पण प्रत्येक विक्रमाच्या शेजारी एक गंमत किंवा एक जखम आहे.

थिएटरातली लपाछपी

२४ सप्टेंबर १९६१. उदिनेसे क्लबकडून इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, म्हणजे सेरी आमध्ये, एकोणीस वर्षांचा झॉफ पहिल्यांदा उतरला. समोर फिओरेंतिना. निकाल ५-२, आणि ते पाच गोल झॉफवर झालेले. काही दिवसांनी तो मित्रांबरोबर सिनेमाला गेला. तेव्हा मुख्य चित्रपटाआधी बातमीपट दाखवत. नेमके त्याच सामन्याचे गोल पडद्यावर आले, एकामागून एक. पदार्पणातली नाचक्की अख्ख्या थिएटरासमोर! झॉफ खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकून बसला.

त्या हंगामात उदिनेसेची खालच्या श्रेणीत घसरण झाली. पुढे झॉफ मांतोवाला गेला. तिथलं एक प्रकरण इटलीत अजून चघळलं जातं. १ जून १९६७, लीगचा शेवटचा दिवस. इंटरला विजेतेपदासाठी लहानशा मांतोवाला हरवायचं होतं. इंटरच्या गोलमध्ये नावाजलेला सार्ती, मांतोवाच्या गोलमध्ये झॉफ. दि जाकोमोचा साधासा फटका सार्तीच्या हातून निसटला आणि गोलमध्ये गेला. मांतोवानं सामना १-० असा जिंकला. इंटरच्या हातचं विजेतेपद गेलं युव्हेंटसकडे. ज्या दोन क्लबांनी उंचीवरून झॉफला परत पाठवलं होतं, त्यांतल्या एकाचं नशीब त्या दिवशी त्याच्यासमोर फिरलं. दुसऱ्याचं उखळ पांढरं झालं, आणि त्या क्लबला झॉफची किंमत कळायला आणखी पाच वर्षं लागली.

नाणं उडालं, इटली फायनलला

नापोली क्लबकडून खेळताना, १९६८च्या एप्रिलमध्ये, झॉफ राष्ट्रीय संघातून पहिल्यांदा खेळला. दीड महिन्यात तो युरो स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत होता, तीही नेपल्समध्ये, म्हणजे आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर. सोव्हिएत संघाविरुद्ध जादा वेळ संपेपर्यंत गोलफलक ०-०. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं. मग नाणेफेक! कर्णधार फाक्केत्तीनं कौल जिंकला आणि इटली अंतिम फेरीत. तिथे युगोस्लाव्हियाशी १-१ अशी बरोबरी झाली, म्हणून दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला आणि इटलीनं तो २-० जिंकला. पदार्पणाला दोन महिने होत नाहीत तोच झॉफ युरोपचा विजेता.

दोन वर्षांनी मेक्सिकोतल्या विश्वचषकात त्याच झॉफला बाकावर बसवलं. सगळे सामने अल्बेर्तोसी खेळला. गोलकीपरची जागा एकच असते. बाकीच्या दहांपैकी एखाद्याला इकडून तिकडे हलवून जागा करता येते, गोलकीपरच्या बाबतीत ती सोय नाही. पुढे राखीव गोलकीपरवर विश्वास टाकायची वेळ प्रशिक्षक झॉफवर आली, तेव्हा हे बाकावरचे दिवस त्याच्या गाठीशी होते.

एकोणीस तास दोन मिनिटं

१९७२च्या सप्टेंबरमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध झॉफवर गोल झाला. त्यानंतरचा गोल १५ जून १९७४ रोजी! मध्ये गेली आंतरराष्ट्रीय फुटबॉलची ११४२ मिनिटं. घड्याळात मोजली तर एकोणीस तास दोन मिनिटं. एवढ्या वेळात त्याच्यासमोर कोण कोण येऊन गेलं? रोममध्ये ब्राझील आलं, २-० हरलं. पाचच दिवसांनी तुरिनमध्ये इंग्लंड आलं, २-० हरलं. पश्चिम जर्मनीनं ०-० बरोबरी करून पाय काढता घेतला. आणि १४ नोव्हेंबर १९७३ रोजी वेम्ब्लीवर इटलीनं इंग्लंडच्या भूमीवरचा आपला पहिला विजय मिळवला, १-०. गोल फाबिओ कापेल्लोचा. हा कापेल्लोही झॉफच्या गावाजवळचाच. एका फ्रिउलीकरानं गोल केला, दुसऱ्यानं होऊ दिला नाही.

मग आला विश्वचषक, आणि म्युनिकमध्ये पहिला सामना हैतीशी. हा देश पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होता. इटलीपुढे हैती म्हणजे किरकोळ, असंच सगळे धरून चालले होते. मध्यंतरानंतरचं पहिलंच मिनिट. एमानुएल सानोंला मधून सुरेख पास मिळाला, त्यानं बचावपटूला धावण्यात मागे टाकलं, पुढे आलेल्या झॉफला वळसा घातला आणि चेंडू मोकळ्या गोलमध्ये ढकलला. ब्राझील, इंग्लंड, जर्मनीला जे जमलं नाही ते हैतीच्या पोरानं केलं. तो हैतीचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल. सामना इटलीनं ३-१ जिंकला, पण लक्षात राहिला तो सानोंचाच गोल.

२०२१ मध्ये इटलीच्या संघानं ११६८ मिनिटं गोल न खाता काढली आणि आकडा पुढे नेला. पण त्या काळात गोलमध्ये एकापेक्षा जास्त जण आलटून पालटून उभे होते. एकट्याच्या दोन हातांनी काढलेली ११४२ मिनिटं अजून झॉफच्याच नावावर आहेत.

युव्हेंटसची अकरा वर्षं

१९७२ मध्ये युव्हेंटसनं झॉफला घेतलं तेव्हा तो तिशीचा होता. उंचीचा प्रश्न केव्हाच मिटलेला, पुरा सहा फुटी गडी. पुढची अकरा वर्षं त्यानं लीगचा एकही सामना चुकवला नाही. ३३० पैकी ३३०! ताप, मुरगळ, कंटाळा, काहीही आड आलं नाही. सहा लीग विजेतेपदं, दोन इटालियन चषक आणि १९७७चा युएफा चषक पदरात पडला. १९७३ मध्ये युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडताना तो योहान क्रायफच्या मागोमाग दुसरा आला. गोलकीपरला तिथवर कोण पोचू देतं!

हुलकावणी दिली ती युरोपियन चषकानं. १९७३ची फायनल आयाक्सनं १-० जिंकली, १९८३ची हाम्बुर्गनं १-०. दोन्ही वेळा एकेकच गोल. दुसरा मागाथचा लांबून मारलेला, वळत गेलेला फटका. त्यानंतर लवकरच एकेचाळीस वर्षांच्या झॉफनं हातमोजे उतरवले.

तोवर खात्यात होते सेरी आचे ५७० सामने आणि इटलीकडून ११२. हे दोन्ही इटलीतले विक्रम पुढे मोडले ते एकाच माणसानं, पाओलो माल्दिनीनं. त्याच माल्दिनीचा प्रशिक्षक म्हणून झॉफ काही वर्षं बाकावर बसला होता.

मुका प्रवक्ता

१९७८चा विश्वचषक झॉफला फार झोंबला. हॉलंडच्या आरी हाननं आणि नंतर ब्राझीलच्या नेलिन्यो-दिरसेऊ जोडीनं त्याच्यावर लांबून गोल मारले. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला आता लांबचं दिसत नाही. तेव्हा तो छत्तीसचा होता. चार वर्षांनी चाळिशीचा झॉफ कर्णधार म्हणून स्पेनला गेला, आणि पोलंड, पेरू, कॅमेरून या तिघांशी तीन बरोबऱ्या झाल्या. एकही विजय नाही! इटालियन वर्तमानपत्रांनी संघावर इतकं तोंडसुख घेतलं की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. संघाच्या वतीनं एकटा कर्णधार बोलणार असं ठरलं. आणि कर्णधार कोण, तर संघातला सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. पत्रकार प्रश्न विचारून थकत आणि झॉफ दोन वाक्यांत उठे.

त्याचा खोलीतला जोडीदार गाएतानो शिरेया, हाही तसाच अबोल. बचाव फळीतला हा सभ्य खेळाडू आणि झॉफ एकत्र राहत त्या खोलीला मार्को तार्देल्ली ‘स्वित्झर्लंड’ म्हणायचा. बाहेर कितीही धुमश्चक्री असो, आत शांतता. झोप येईना की तार्देल्ली तिथे जाऊन बसायचा.

आता ५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया मैदान. समोर झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, एडरचं ब्राझील. बरोबरी झाली असती तरी ब्राझील पुढे जाणार होतं. पाओलो रॉस्सीनं तीन गोल मारले होते, इटली ३-२ पुढे. आंतोन्योनीचा चौथा गोल पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारला, तो खरं तर चोख होता. आणि शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना डावीकडून एडरची फ्री-किक आली. उंच ऑस्करनं हेडर मारला, खाली, कोपऱ्याकडे, जोरात. झॉफ डावीकडे झेपावला.

इथे जरा थांबून बघू या. अशा वेळी बहुतेक गोलकीपर चेंडू बोटांनी बाहेर ढकलतात, कॉर्नर देतात आणि सुटका मानतात. झॉफनं चेंडू धरला. अगदी गोलरेषेवर, दोन्ही पंज्यांखाली दाबून. ब्राझीलचे खेळाडू हात उंचावून गोल, गोल म्हणून ओरडू लागले होते. चेंडू रेषेच्या आत गेला असं पंचांना वाटलं असतं तर? झॉफ उठला नाही, चेंडू हलवला नाही. जिथे धरला तिथेच दाबून पडून राहिला, म्हणजे पंचांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. पंच क्लाईन यांनी गोल दिला नाही. चाळीस वर्षांच्या हातांनी विश्वचषकातला सगळ्यांत सुंदर संघ घरी पाठवला. माझ्या मते ही आजवरची सर्वांत मोलाची झेप आहे, आणि ती मोलाची ठरली ती झेपेनंतरच्या त्या निश्चल पडून राहण्यानं.

सहा दिवसांनी माद्रिदमध्ये इटलीनं पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं. झॉफचं वय त्या दिवशी ४० वर्षं १३३ दिवस. विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूंत इतका वयस्क दुसरा कुणी नाही. गोलकीपर असून कर्णधार म्हणून हा चषक उचलणारे आजवर चौघे : १९३४चा कोंबी, झॉफ, २०१०चा स्पेनचा कासियास आणि २०१८चा फ्रान्सचा लोरिस. पहिले दोघं इटलीचे, आणि दोघंही युव्हेंटसचे. त्या रात्री संघातली पोरं गावभर नाचायला गेली. झॉफ आणि शिरेया हॉटेलवर परतले, आपल्या स्वित्झर्लंडमध्ये.

विमानातला पत्त्यांचा डाव

परतीच्या विमानातलं एक छायाचित्र इटलीत घराघरांत माहीत आहे. टेबलावर सोन्याचा विश्वचषक ठेवलेला, त्याच्याभोवती चौघं पत्ते खेळताहेत : ८५ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष साँद्रो पेर्तिनी, प्रशिक्षक एन्झो बेअरझोत, फ्रांको काउझिओ आणि झॉफ. डाव स्कोपोने या इटालियन खेळाचा. राष्ट्राध्यक्षांचा भिडू झॉफ. विश्वचषक शेजारी पडलाय आणि सगळ्यांचे डोळे हातातल्या पानांवर. बेअरझोतही फ्रिउलीचेच, झॉफच्या गावाच्या अगदी जवळचे. कमी बोलणं हा बहुधा त्या मातीचाच गुण असावा.

चषकाच्या सन्मानार्थ इटलीनं टपाल तिकीट काढलं. चित्र रेनातो गुत्तुझो या नामवंत चित्रकाराचं. तिकिटावर कुणाचा चेहरा नाही. चषक उचललेले दोन हात आहेत, आणि ते हात झॉफचे. गोलकीपरचा याहून नेमका सन्मान मला तरी सुचत नाही.

बाकावरचा झॉफ

प्रशिक्षक म्हणून त्यानं इटलीच्या ऑलिंपिक संघाला १९८८च्या सोल स्पर्धेची पात्रता मिळवून दिली आणि मग युव्हेंटसनं बोलावलं. मदतनीस म्हणून आला शिरेया. १९८९च्या सप्टेंबरमध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा, गुर्निक झाब्झे क्लबचा, खेळ पाहायला शिरेया पोलंडला गेला. परतताना मोटारीला अपघात झाला, गाडीनं पेट घेतला. शिरेया ३६ वर्षांचा होता.

त्याच हंगामात झॉफच्या युव्हेंटसनं इटालियन चषक जिंकला, आणि फिओरेंतिनाला हरवून युएफा चषकही. खेळाडू म्हणून १९७७ मध्ये जिंकलेला चषक प्रशिक्षक म्हणून १९९० मध्ये, त्याच क्लबसाठी. बक्षीस काय मिळालं? नारळ! नव्या पद्धतीच्या आक्रमक फुटबॉलची हवा होती, म्हणून त्याच्या जागी मायफ्रेदीला आणलं. पुढच्या हंगामात युव्हेंटसला युरोपातल्या स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. दोन करंडक आणणाऱ्या माणसाला असं काढणं चूक होतं, हे कुणी तरी ठणकावून म्हणायलाच हवं.

झॉफ रोमला, लाझिओ क्लबकडे गेला. तिथे १९९२ मध्ये त्याच्या हाताखाली आला इंग्लंडचा पॉल गॅस्कॉइन. एक दिवसभर तोंड न उघडणारा, दुसरा क्षणभर गप्प न बसणारा. तरी दोघांचं जमलं. रोमाविरुद्धच्या सामन्यात संपता संपता गॅस्कॉइननं हेडरनं बरोबरी साधली आणि मैदानावरच त्याला रडू फुटलं. त्याच वर्षी फुटबॉलचा एक नियम बदलला : आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. झॉफची सगळी उमेद शिरेयाकडून मागे आलेले असे चेंडू हातात घेण्यात गेली होती. आता तेच आपल्या गोलकीपरला करू नको म्हणून सांगायचं होतं.

लाझिओत त्याच्या वाट्याला सगळी पदं आली. आधी प्रशिक्षक, मग क्लबचा अध्यक्ष, १९९७ मध्ये झेमानला काढल्यावर अध्यक्षपदावरून उठून पुन्हा प्रशिक्षक, आणि २००१ मध्ये एरिक्सननंतर आणखी एकदा.

शेवटचं मिनिट

१९९८ मध्ये चेझारे माल्दिनींच्या जागी झॉफ इटलीचा प्रशिक्षक झाला. संघाचा कर्णधार चेझारेंचा मुलगा पाओलो. युरो २००० तोंडावर आली आणि सराव सामन्यात पहिल्या पसंतीचा गोलकीपर बुफॉन हात मोडून बसला. गोलमध्ये आला फ्रांचेस्को तोल्दो.

उपांत्य सामना अॅमस्टरडॅमला, यजमान हॉलंडशी. चहूकडे केशरी समुद्र. चौतिसाव्या मिनिटाला इटलीचा झाम्ब्रोता बाहेर गेला, उरले दहा जण. पहिल्या सत्रात हॉलंडला पेनल्टी मिळाली, तोल्दोनं डी बूरचा फटका अडवला. दुसऱ्या सत्रात पुन्हा पेनल्टी, क्लायव्हर्टचा फटका खांबाला लागला. १२० मिनिटं ०-०. मग शूटआउट. तोल्दोनं पुन्हा डी बूरला अडवलं, मग बोसफेल्टला. स्टामचा फटका आडव्या खांबावरून गेला. इटली अंतिम फेरीत! ज्याला १९७० मध्ये बाकावरून खेळ पाहावा लागला होता, त्याच्या राखीव गोलकीपरनं एका संध्याकाळी तीन पेनल्टी अडवल्या.

२ जुलै, रॉटरडॅम. फ्रान्सविरुद्ध देल्वेकियोनं इटलीला आघाडी मिळवून दिली. ९० मिनिटं संपली, १-० कायम. इटलीचे राखीव खेळाडू कडेला उभे राहून शिट्टीची वाट पाहू लागले. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईचं चौथं मिनिट चालू असताना विल्तोरचा फटका तोल्दोच्या हाताला लागून आत गेला. मग १०३व्या मिनिटाला पिरेसच्या पासवर त्रेझगेनं डाव्या पायानं छताकडे चेंडू मारला. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता : जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खलास. विल्तोर, पिरेस, त्रेझगे, तिघंही बदली म्हणून उतरलेले. त्याच उन्हाळ्यात त्रेझगे कुठे गेला? युव्हेंटसला!

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बर्लुस्कोनी, म्हणजे मिलान क्लबचे मालक आणि विरोधी पक्षाचे नेते, यांनी फ्रान्सच्या झिदानला खास माणूस लावून रोखलं नाही म्हणून झॉफवर जाहीर आगपाखड केली. भाषा अपमानाची होती. तिसऱ्या दिवशी झॉफनं राजीनामा दिला. भांडण केलं नाही, पण मान खाली घालून नोकरीही केली नाही. त्याच्या जागी आले त्रापातोनी, म्हणजे युव्हेंटसमधले झॉफचेच जुने गुरू. बर्लुस्कोनींचा मुद्दा खेळापुरता असता तर वाद घालता आला असता. एका माणसाची लायकी काढायचा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता, आणि झॉफनं वागून दाखवलं ते सोळा आणे बरोबर होतं.

शेवटची कामगिरी २००५ची. फिओरेंतिना, तोच क्लब ज्यानं पदार्पणात त्याच्यावर पाच गोल मारले होते, सेरी आमधून घसरायच्या बेतात होता. झॉफ जानेवारीत आला आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी क्लब वाचला. त्यानंतर त्यानं प्रशिक्षकाचं काम घेतलं नाही. २०१४ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ असा : वैभव क्षणभरच टिकतं.

इटलीच्या पुरुष संघानं आजवर चार विश्वचषक आणि दोन युरो करंडक जिंकले आहेत. खेळाडू म्हणून हे दोन्ही करंडक जिंकलेला इटालियन आजवर एकच : दिनो झॉफ.